पोपला निवडणाऱ्यांना कोण निवडते?

८ मे २०२५ च्या रात्री, आपल्याकडे साडेनऊ वाजून गेले असताना, व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि तासाभराने सेंट पीटर्सच्या सज्जातून शिकागोत जन्मलेल्या रॉबर्ट प्रीव्होस्ट यांचे नाव पुकारले गेले. आधीचे पंधरा दिवस फिलिपिन्सचे टागले, घानाचे टर्क्सन, काँगोचे अम्बाँगो ही नावे इतक्या वेळा कानांवर पडली होती की, यंदा आशियाचा किंवा आफ्रिकेचा पोप होणारच, असे अनेकांनी धरून ठेवले होते. तसे झाले नाही आणि ‘कॅथलिक तर आता गरीब देशांतच जास्त आहेत, मग पोप तिकडचा का नाही?’ हा प्रश्न पुन्हा वर आला. २००५ मध्ये आणि २०१३ मध्येही तो असाच विचारला गेला होता. प्रश्न रास्त आहे. फक्त तो विचारताना आपण नकळत असे मानतो की, जिथे अनुयायी जास्त तिथला पोप व्हायला हवा. ही निवडणूक त्या तत्त्वावर चालतच नाही, आणि ती कशावर चालते हे कळले की बाकीचा बराचसा गोंधळ आपोआप सुटतो.

आधी थोडे आकडे

जगात आज सुमारे १४० कोटी कॅथलिक आहेत. त्यांपैकी जवळजवळ ४८ टक्के उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांत, २० टक्के आफ्रिकेत, २० टक्क्यांच्या किंचित वर युरोपात आणि ११ टक्के आशियात राहतात. शंभर वर्षांपूर्वीचे चित्र याच्या अगदी उलट होते. १९१० च्या सुमारास प्रत्येक तीन कॅथलिकांपैकी जवळपास दोन युरोपात राहत असत. आज एकट्या काँगोत पाच कोटींहून अधिक कॅथलिक आहेत, फिलिपिन्समध्ये आठ कोटींहून अधिक, आणि ब्राझीलमध्ये दहा कोटींच्या आसपास. इटलीची एकूण लोकसंख्याच सहा कोटींच्या आत आहे. युरोपातली सेमिनरी, म्हणजे फादर घडवणारी विद्यालये, ओस पडत चालली आहेत, आणि जर्मनीतल्या एखाद्या धर्मग्रामात रविवारची मिस्सा केरळचा किंवा नायजेरियाचा फादर अर्पण करतो, यात तिथल्या लोकांना आता नवल वाटत नाही.

सभासद, संचालक आणि अध्यक्ष

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही पद्धत समजावायला सहकारी साखर कारखान्यासारखे उदाहरण नाही. तिथे हजारो ऊस उत्पादक सभासद असतात, ते संचालक मंडळ निवडतात आणि संचालक आपल्यातून अध्यक्ष निवडतात. आता कल्पना करा की, सभासदांना मतच नाही. संचालक मंडळावर कोणाला घ्यायचे ते विद्यमान अध्यक्ष एकटा ठरवतो आणि अध्यक्ष गेल्यावर त्यानेच नेमलेले संचालक दार बंद करून पुढचा अध्यक्ष निवडतात. कॅथलिक चर्चची रचना ढोबळमानाने अशी आहे. १४० कोटी सभासद, त्यांना मत नाही; संचालकांच्या जागी कार्डिनल; अध्यक्षाच्या जागी पोप.

कार्डिनल म्हणजे पोपने निवडलेला ज्येष्ठ धर्माधिकारी. तो बहुधा एखाद्या मोठ्या धर्मप्रांताचा आर्चबिशप असतो, नाहीतर क्युरियात, म्हणजे व्हॅटिकनच्या मंत्रालयात, एखाद्या खात्याचा प्रमुख असतो. वयाची ८० वर्षे पूर्ण झालेल्या कार्डिनलला मत देता येत नाही. हा नियम पोप पॉल सहावे यांनी १९७० मध्ये केला. त्यांनीच पुढे मतदारांची कमाल संख्या १२० ठरवली, मात्र नंतरच्या पोपनी ती मर्यादा वेळोवेळी ओलांडली. मतदानासाठी कार्डिनल ज्या बंद बैठकीत बसतात तिला कॉन्क्लेव्ह म्हणतात.

आपल्याकडच्या अनेक मठांत गुरू आपल्या हयातीतच शिष्याला गादीवर बसवण्याचे ठरवून ठेवतो. पोपला तसे करता येत नाही. उत्तराधिकारी नेमण्याचा अधिकार त्याला नाही. उत्तराधिकारी निवडणाऱ्यांना नेमण्याचा मात्र आहे, आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेतले खरे मर्म तेवढेच आहे. पोप कुठल्या खंडातून येणार याचा निकाल धूर निघतो त्या दिवशी लागत असला तरी त्याची मांडणी दहा-वीस वर्षे आधीपासून, कार्डिनलांच्या एकेका यादीतून, होत आलेली असते.

एका चिठ्ठीचा प्रवास

मतदान कसे होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. प्रत्येक कार्डिनलला एक आयताकृती चिठ्ठी मिळते. तिच्या वरच्या भागात लॅटिनमध्ये ‘मी सर्वोच्च धर्मगुरू म्हणून निवडतो’ अशा अर्थाचे शब्द छापलेले असतात आणि खालचा भाग नाव लिहिण्यासाठी कोरा असतो. नाव लिहिताना अक्षर शक्यतो ओळखू येणार नाही असे काढावे, असा नियमच आहे. चिठ्ठी दुमडून, सर्वांना दिसेल अशी हातात उंच धरून कार्डिनल एकेक करून वेदीपर्यंत जातो, शपथ घेतो, चिठ्ठी एका तबकडीवर ठेवतो आणि ती तिरपी करून पात्रात सोडतो. मोजणी करणाऱ्या तिघांपैकी तिसरा प्रत्येक नाव मोठ्याने वाचतो आणि ‘एलिगो’, म्हणजे ‘निवडतो’, या छापील शब्दातून सुई घालून चिठ्ठ्या दोऱ्यात ओवत जातो. शेवटी त्या माळेला गाठ मारून ती स्टोव्हमध्ये जाळतात. निकाल लागला नसेल तर धूर काळा, लागला तर पांढरा.

दिवसाला चार फेऱ्या होऊ शकतात आणि निवडून येण्यासाठी दोन-तृतीयांश मते लागतात. २०२५ मध्ये सुमारे सत्तर देशांतले १३३ मतदार होते, म्हणजे ८९ मते हवी होती. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: ४५ जण ठाम राहिले तर कोणाचीही वाट अडू शकते. त्यामुळे इथे नुसते पुष्कळांना हवे असून भागत नाही. फार जणांना नकोसे असूनही चालत नाही. २००५ च्या कॉन्क्लेव्हमध्ये ११५ मतदारांपैकी आपल्या नावाला ४० पर्यंत मते गेली होती, असे अर्जेंटिनाचे कार्डिनल बेर्गोलिओ यांनी पुढे फ्रान्सिस या नावाने पोप असताना स्वतःच सांगितले. ती मते जर्मनीचे राट्झिंगर (पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांना अडवून तिसरेच नाव पुढे आणण्यासाठी वापरली जात आहेत हे लक्षात आल्यावर त्यांनी आपल्या नावाचा असा वापर थांबवायला लावला, आणि राट्झिंगर चौथ्या फेरीत निवडून आले. गुप्ततेची शपथ मतदारांना असते, पण पोप झालेला माणूस बोलू शकतो, म्हणून हा तपशील आपल्याला कळला.

इतकी शतके युरोपच का?

सुरुवातीला तसे नव्हते. दुसऱ्या शतकाच्या अखेरचे व्हिक्टर पहिले, चौथ्या शतकातले मिल्टिआडीस आणि पाचव्या शतकाच्या अखेरचे जेलासिअस पहिले या तीन पोपांचे मूळ उत्तर आफ्रिकेत असल्याचे परंपरा सांगते, आणि ७३१ मध्ये निवडले गेलेले ग्रेगरी तिसरे सीरियाचे होते. मात्र भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर तेव्हा एकच रोमन जग पसरलेले होते, त्यामुळे त्या आफ्रिकेला आजची आफ्रिका समजणे चूक ठरेल. ग्रेगरी तिसरे ७४१ मध्ये वारले. त्यानंतर युरोपबाहेरचा पोप आला तो थेट २०१३ मध्ये. मध्ये १२७२ वर्षे गेली.

युरोपातही गादी हळूहळू इटलीपुरती आक्रसली. १५२२ मध्ये निवडले गेलेले उट्रेक्टचे एड्रियन सहावे यांच्यानंतर ४५५ वर्षे प्रत्येक पोप इटालियन होता. ती साखळी १९७८ मध्ये पोलंडच्या कारोल वोयतिवा यांनी, म्हणजे जॉन पॉल दुसरे यांनी, तोडली. राजसत्तांचा हात तर विसाव्या शतकापर्यंत पोचलेला होता. १९०३ च्या कॉन्क्लेव्हमध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने एका कार्डिनलकरवी रामपोला या आघाडीवरच्या उमेदवाराविरुद्ध नकाराधिकार वापरला. त्या वेळी निवडून आलेल्या पायस दहावे यांनी ती प्रथाच कायमची बंद केली.

पण आफ्रिका-आशियाच्या बाबतीत खरी अडचण गादीपाशी नव्हती, ती फार खालच्या पायरीवर होती. पोप होण्याआधी व्यवहारात कार्डिनल व्हावे लागते, कार्डिनल होण्याआधी बिशप आणि बिशप होण्याआधी फादर. नियमाने बाप्तिस्मा झालेला कोणीही पुरुष निवडता येतो हे खरे, पण कार्डिनल नसलेला माणूस शेवटचा पोप झाला तो १३७८ मध्ये. वसाहतींच्या काळात मिशनरी बाहेरून येत आणि बिशपही बाहेरूनच येत. आधुनिक काळातले पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी बिशप, युगांडाचे जोसेफ किवानुका, १९३९ मध्ये नेमले गेले आणि पहिले आफ्रिकी कार्डिनल, टांगानिकाचे (आजच्या टांझानियाचे) लॉरियन रुगाम्ब्वा, १९६० मध्ये. कोयीपासून लावलेल्या आंब्याला मोहोर यायला वर्षे लागतात. इथे कोयच उशिरा लावली गेली होती.

मुंबईची खुर्ची

हे नुसते आफ्रिकेचे नाही. आपल्या दारातली गोष्ट पाहा. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या प्रदेशांत चर्च उभारण्याच्या बदल्यात तिथले बिशप सुचवण्याचा हक्क पोपने दिला होता. त्या व्यवस्थेला पाद्रुआदो म्हणत आणि तिचे केंद्र गोवा होते. सतराव्या शतकात दिवाडी बेटावरचे मातेऊस द कास्त्रो यांना गोव्यात दीक्षा मिळेना, तेव्हा ते रोमला गेले, तिथे फादर झाले आणि १६३७ मध्ये बिशपही झाले. आदिलशाही मुलखासाठी त्यांची नेमणूक होती आणि डिचोलीत त्यांनी आपले ठाणे केले. पण पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना बिशप मानलेच नाही. शेवटी ते रोमला परतले आणि तिथेच वारले. रोम एका स्थानिक माणसाला बिशप करायला तयार होते, वसाहतीची सत्ता नव्हती, हे या प्रकरणातले लक्षात ठेवण्याजोगे आहे. स्थानिक धर्मगुरूंची वाट प्रत्येक वेळी रोमनेच अडवली असे म्हणता येत नाही.

मुंबईत याचा पुढचा अंक घडला. पाद्रुआदोची चर्च आणि रोमच्या थेट अखत्यारीतली चर्च असा दुहेरी कारभार तिथे शतकाहून अधिक काळ चालला. एकाच शहरातले एक चर्च एका बिशपचे तर दुसरे दुसऱ्याचे. १९२८ च्या करारात ही भानगड मिटली, पण मिटताना ठरले काय, तर मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. ज्या शहरात ईस्ट इंडियन, गोवेकर आणि मंगलोरी कॅथलिकांच्या पिढ्या नांदत होत्या तिथे भारतीयाचा नंबरच लागणार नव्हता. पहिल्या पाळीत पोर्तुगीज आर्चबिशप आले, १९३७ मध्ये जेझुइट या धर्मसंघाचे इंग्रज थॉमस रॉबर्ट्स आले, आणि नियमाने त्यांच्यानंतर पुन्हा पोर्तुगीज येणार होता. रॉबर्ट्स यांनी या पेचातून काढलेली वाट मला फार आवडते. १९४६ मध्ये त्यांच्या हाताखाली व्हॅलेरियन ग्रेशियस सहायक बिशप झाले. ते कराचीत जन्मलेले, गोवेकर आईवडिलांचे. त्यानंतर रॉबर्ट्स मुंबई सोडून निघून गेले, पण राजीनामा मात्र त्यांनी लगेच दिला नाही. खुर्ची कागदोपत्री भरलेली राहिली, त्यामुळे पोर्तुगीजांची पाळी आली नाही, आणि कारभार प्रत्यक्षात ग्रेशियस पाहू लागले. १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला, रॉबर्ट्स यांचा राजीनामा मंजूर झाला आणि ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. तीन वर्षांनी ते भारताचे पहिले कार्डिनल झाले आणि १९५८ व १९६३ च्या कॉन्क्लेव्हमध्ये त्यांनी मतदान केले. पोपला मत देणारा पहिला भारतीय हवा असेल तर आधी मुंबईची खुर्ची मोकळी व्हावी लागते, ती अशी.

‘पण फ्रान्सिस आलेच होते की!’

हा आक्षेप बरोबर आहे, अर्धा. फ्रान्सिस, म्हणजे ब्वेनोस आयरेसचे होर्हे मारिओ बेर्गोलिओ, १३ मार्च २०१३ रोजी पोप झाले आणि अमेरिका खंडांतून आलेले ते पहिले पोप ठरले. अर्जेंटिनाचे आर्थिक संकट, तिथल्या झोपडवस्त्या, कर्जाखाली दबलेला देश म्हणजे काय, हे त्यांनी पाहिलेले होते आणि ते त्यांच्या बोलण्यात कायम येत राहिले. मात्र त्यांचे वडील इटलीतल्या पिएमोंते भागातून स्थलांतरित झालेले, आईचे घराणेही इटालियन वळणाचे, आणि घरात ती भाषा कानांवर पडलेली. रोममधल्या मतदारांसाठी ते एकाच वेळी परके आणि घरचे होते. बंद खोलीतल्या निवडणुकीत अशा माणसाचे पारडे जड होते.

लिओ चौदावे, म्हणजे पोप झाल्यानंतरचे प्रीव्होस्ट, यांच्या बाबतीत तर ‘विकसनशील देशाचा’ या शब्दांचीच परीक्षा होते. जन्म शिकागोचा, आईकडचे घराणे न्यू ऑर्लिन्सच्या मिश्रवंशीय क्रिओल समाजातले, आयुष्यातली बरीच वर्षे पेरूमध्ये, चिक्लायो या धर्मप्रांताचे बिशपपद आणि २०१५ पासून पेरूचे नागरिकत्व. सज्जात उभे राहून पहिल्यांदा बोलताना ते इटालियन बोलले, मध्येच स्पॅनिशमध्ये वळून त्यांनी चिक्लायोच्या लोकांना नमस्कार केला आणि इंग्रजीत एक वाक्यही उच्चारले नाही. त्यांना अमेरिकन म्हणणे पारपत्रापुरते खरे आहे. आफ्रिकेच्या किंवा आशियाच्या मातीत जन्मलेला पोप मात्र आधुनिक काळात अजून झालेला नाही, आणि इथून पुढे मी त्याच अर्थाने बोलणार आहे.

‘युरोपचे बहुमत तर संपले, मग अडले कुठे?’

२०१३ मध्ये ११५ मतदारांपैकी ६० युरोपीय होते, त्यांतले २८ इटालियन. फ्रान्सिस यांनी बारा वर्षांत हे गणित बदलले. मिलान, व्हेनिस अशा परंपरेने लाल टोपीच्या, म्हणजे कार्डिनलपदाच्या, मानकरी मानलेल्या धर्मप्रांतांना त्यांनी ती दिली नाही आणि टोंगा, हैती, पापुआ न्यू गिनी, पूर्व तिमोर, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक अशा ठिकाणच्या बिशपांना दिली. २०२५ मध्ये १३३ पैकी ५२ युरोपचे उरले. उत्तर, मध्य आणि दक्षिण अमेरिकेचे मिळून ३७, आशियाचे २३, आफ्रिकेचे १७, ओशियानियाचे ४.

आता हेच आकडे दोन-तृतीयांशच्या चाळणीतून काढा. संपूर्ण आशिया आणि संपूर्ण आफ्रिका एक झाली तरी ४० मते होतात. पोप निवडणे दूरच, कोणाला अडवण्यासाठी लागणारी ४५ सुद्धा नाहीत. एकटा युरोप मात्र अडवू शकतो. इटलीचे १७ आणि अख्ख्या आफ्रिकेचे १७, फिलिपिन्सचे ३, ब्राझीलचे ७. शिवाय खंडांच्या या गणतीत आणखी एक मेख आहे: आशियाच्या २३ मध्ये जेरुसलेम आणि मंगोलियाचे कार्डिनल मोजलेले आहेत आणि ते दोघेही जन्माने इटालियन आहेत.

त्याहून मोठी गोष्ट अशी की, ‘विकसनशील देश’ नावाचा पक्ष त्या चॅपेलमध्ये अस्तित्वातच नसतो. काँगोतल्या किन्शासाच्या आर्चबिशपला ब्राझीलमधल्या साओ पावलोचा आर्चबिशप आपला वाटावा असे काही विशेष कारण नाही; विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही मागास म्हणून दोघांनी एकच उमेदवार उभा करावा, अशी अपेक्षा धरण्यासारखे ते आहे. फ्रान्सिस यांनी दूरदूरच्या ठिकाणांहून माणसे आणली खरी, पण त्यामुळे मतदार एकमेकांना फारसे ओळखतही नव्हते, हे कित्येक कार्डिनलांनीच बोलून दाखवले. जिथे कोणी कोणाला ओळखत नाही तिथे सर्वांना थोडाफार ठाऊक असलेला माणूस पुढे सरकतो. प्रीव्होस्ट जगभरचे बिशप नेमणाऱ्या खात्याचे प्रमुख होते. त्याआधी बारा वर्षे ऑगस्टिनियन संघाचे जागतिक प्रमुख म्हणून ते देशोदेशी फिरले होते, आणि इटालियन व स्पॅनिश दोन्ही सफाईने बोलत होते. क्युरियाचा रोजचा व्यवहार इटालियनमध्ये चालतो. ती भाषा न येणारा बिशप कितीही थोर असला तरी जेवणाच्या टेबलावर मागे पडतो.

वर्णाचा पूर्वग्रह यात नसेलच, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण तेवढेच कारण धरले तर बेनिनचे कार्डिनल बर्नार्दें गान्तें १९८४ ते १९९८ अशी चौदा वर्षे, पुढे प्रीव्होस्ट यांच्याकडे आले तेच बिशपांचे खाते कसे सांभाळत होते आणि कार्डिनल मंडळाचे ज्येष्ठ प्रमुखपद त्यांच्याकडे कसे आले, याचा उलगडा होत नाही. नायजेरियाचे फ्रान्सिस आरिन्झे यांचे नाव २००५ मध्ये गांभीर्याने घेतले जात होते. पोर्तुगीजांच्या पाद्रुआदोला शह द्यायला १६२२ मध्ये रोमने जे मिशन खाते स्थापन केले आणि ज्याने मातेऊस द कास्त्रो यांना बिशप करून पाठवले, त्या खात्याचा वारसा फ्रान्सिस यांनी फिलिपिन्सच्या टागले यांच्याकडे सोपवला.

‘तिकडचा पोप म्हणजे पुरोगामी पोप’

हा समज आपल्याकडच्या चर्चेत फार दिसतो. गरीब देशातला, म्हणून गरिबांच्या बाजूचा, म्हणून सगळ्याच बाबतींत उदारमतवादी, अशी ती साखळी असते. तिचा शेवटचा दुवा तुटका आहे. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना, लग्नाचा विधी वाटणार नाही अशा रीतीने, आशीर्वाद देण्याची मुभा दिली. काही आठवड्यांतच, जानेवारी २०२४ मध्ये, आफ्रिकेतल्या बिशप परिषदांनी काँगोचे कार्डिनल अम्बाँगो यांच्या सहीने जाहीर केले की, असे आशीर्वाद आपल्याकडे दिले जाणार नाहीत. गिनीचे कार्डिनल रॉबर्ट सारा तर परंपरावाद्यांचे जगभरातले लाडके नाव आहे. दुसरीकडे कर्जमाफी, खाणींची लूट, हवामानबदल, स्थलांतरितांना आसरा या विषयांवर हेच बिशप युरोपातल्या कुठल्याही डाव्या पुढाऱ्याइतके खडे बोलतात. आपण वापरतो तो डाव्या-उजव्याचा गज त्यांना लावला की माप चुकते.

लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशिया यांचे प्रश्नही वेगवेगळे आहेत. ब्राझीलमध्ये २०२२ च्या जनगणनेत कॅथलिकांचे प्रमाण ५६.७ टक्क्यांवर घसरले आणि इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) पंथांचे सुमारे २७ टक्क्यांवर पोचले. तिथल्या बिशपची झोप उडते ती माणसे निघून जातात म्हणून. आफ्रिकेत माणसे येत आहेत, प्रश्न हिंसाचाराचा आणि मुस्लिम शेजाऱ्यांबरोबर नांदण्याचा आहे. आशियात फिलिपिन्स आणि पूर्व तिमोर सोडले तर कॅथलिक सगळीकडे अल्पसंख्य आहेत.

आला, तर काय बदलेल?

श्रद्धेचा गाभा बदलत नाही. कोणताही पोप तो एकट्याने बदलू शकत नाही. बदलते ते लक्ष कुठे जाते हे. जॉन पॉल दुसरे १९७९ च्या जूनमध्ये पोलंडला गेले, लाखो लोक रस्त्यांवर आले, आणि पुढच्याच वर्षी तिथे ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली. पोपच्या मायदेशावर असा प्रखर उजेड पडतो. काँगोचा पोप असता तर पूर्व काँगोतल्या युद्धाकडे जगाला आजच्याइतक्या सहजपणे पाठ फिरवता आली नसती. आशियाचा पोप असता तर बिशपांच्या नेमणुकांबाबत व्हॅटिकनने २०१८ मध्ये चीनशी केलेल्या कराराकडे बीजिंग, मनिला आणि दिल्ली या तिन्ही ठिकाणी वेगळ्या नजरेने पाहिले गेले असते. कदाचित अधिक संशयानेही.

पैशाचे काय, हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. जर्मनीचे चर्च तिथल्या चर्च-करामुळे श्रीमंत आहे आणि पोपच्या निधीला देणग्या देण्यात अमेरिका बरीच वर्षे आघाडीवर आहे. माणसे दक्षिणेची आणि तिजोरी उत्तरेची, ही ओढाताण नव्या पोपच्या जन्मस्थानाने सुटणार नाही. उलट तिकडचा पोप ती अधिक उघडी करेल, असे मला वाटते.

आणि भारतीय?

२००५ मध्ये मुंबईचे कार्डिनल आयव्हन डायस यांचे नाव परदेशी वर्तमानपत्रांतून येत होते. अनेक देशांत पोपचे राजदूत म्हणून काम केलेला, बऱ्याच भाषा येणारा हा माणूस कागदावर शोभून दिसे. मुंबईचेच कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस २०१३ पासून फ्रान्सिस यांच्या निकटच्या सल्लागार मंडळात होते. त्यांना २४ डिसेंबर २०२४ रोजी ८० वर्षे पूर्ण झाली आणि चारच महिन्यांनी, २१ एप्रिल २०२५ रोजी, फ्रान्सिस वारले. ऐंशी उलटलेल्या कार्डिनलला कॉन्क्लेव्हआधीच्या बैठकांत बोलता येते, पण चॅपेलचे दार बंद होताना तो बाहेर असतो. तारखांच्या एवढ्याशा फरकाने मुंबईचे मत गेले.

भारतात सुमारे दोन कोटी कॅथलिक आहेत आणि २०२५ मध्ये चार भारतीयांनी मतदान केले: गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेराव, हैदराबादचे अँथनी पूला, तिरुवनंतपुरमचे बसेलिओस क्लीमिस आणि व्हॅटिकनमध्येच काम करणारे जॉर्ज कूवाकाड. फेराव आणि पूला दोघांनाही २०२२ मध्ये एकाच वेळी कार्डिनल केले गेले, आणि पूला हे या पदावर पोचलेले पहिले दलित धर्मगुरू आहेत. यांपैकी कोणी नजीकच्या काळात पोप होईल असे मला वाटत नाही. चौघांच्या मागे आशियातली उरलेली मतेसुद्धा एकवटत नाहीत, हे वर पाहिलेच. पण मत देण्याची त्यांची मुदत मोजून ठेवण्यासारखी आहे. फेराव यांचे मत जानेवारी २०३३ मध्ये संपेल, क्लीमिस यांचे २०३९ मध्ये, पूला यांचे २०४१ मध्ये. कूवाकाड १९७३ चे आहेत, फ्रान्सिस यांच्या परदेश दौऱ्यांची आखणी करता करता ते थेट कार्डिनल झाले, आणि ऑगस्ट २०५३ पर्यंत जितकी कॉन्क्लेव्ह भरतील त्या प्रत्येक वेळी एक चिठ्ठी त्यांच्याही हातात असेल.